उलट्या अक्षरांची वीट

इंग्लंडच्या उत्तरेला लँकेशायरमध्ये ॲक्रिंग्टन नावाचं एक गाव आहे. वस्ती पस्तीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावाएवढी. फुटबॉल बघणाऱ्यांनी 'ॲक्रिंग्टन स्टॅनली' हे नाव ऐकलेलं असेल. बाकीच्यांनी ऐकलेलं असण्याचं काहीच कारण नाही. पण या गावची वीट जगप्रसिद्ध आहे. लालभडक, गुळगुळीत, आणि वीट हातात घेतल्यावर आपण दगड तर उचलला नाही ना असं वाटावं इतकी जड.

या विटेचं नाव 'नोरी'. गावात याची गोष्ट सांगतात ती अशी. वीट लोखंडासारखी टणक, म्हणून मालकांनी तिचं नाव ठेवलं 'आयर्न'. साच्यात अक्षरं कोरणाऱ्याने ती सुलटी कोरली, त्यामुळे विटेवर उमटताना उलटी उमटली आणि 'आय-आर-ओ-एन'चं झालं 'एन-ओ-आर-आय'. दुसरी गोष्ट सांगते की अक्षरं साच्यात चुकली नाहीत, कारखान्याच्या धुराड्यावर वरून खाली लिहिताना चुकली. दोन्हीतली कुठलीही खरी असो, मालकांनी नाव बदललं नाही. थोडक्यात, स्ट्रिंग रिव्हर्स होऊन प्रॉडक्शनला गेली आणि तोच ब्रँड झाला :-)

गंमत सोडा, पण ही वीट खरंच वेगळी आहे. आपल्याकडे भारतीय मानक आयएस १०७७ प्रमाणे सगळ्यात खालच्या वर्गातल्या विटेने दर चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन दाब सोसला तरी ती पास होते, आणि साध्या विटेने वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी प्यायलेलं चालतं. जुन्या ब्रिटिश मानकात 'एंजिनिअरिंग ब्रिक'च्या वरच्या वर्गाला हेच आकडे ७० न्यूटन आणि ४.५ टक्के असे होते. नोरी या जातीतली. अशी वीट घर बांधायला लागतच नाही. ती लागते पुलाच्या खांबाला, बोगद्याला, गटाराला, बॉयलरच्या धुराड्याला, जिथे पाणी, आम्ल किंवा भयंकर वजन सोसायचं असतं तिथे. १८९४ साली पुऱ्या झालेल्या ब्लॅकपूल टॉवरच्या पायात ही वीट आहे. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्येही आमचीच वीट, असंही ॲक्रिंग्टनकर छाती फुगवून सांगतात.

आता प्रश्न पडेल, की पुण्यात कोड लिहिणाऱ्या माणसाला ॲक्रिंग्टनच्या विटेचं काय पडलंय?

तर झालं असं, की कंपनीने मला काही महिने ऑनसाइट पाठवलं होतं मँचेस्टरजवळ. काम नेहमीचंच. तिकडच्या टीमकडून 'केटी' घ्यायची, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. त्यांनी वीस वर्षं सांभाळलेली सिस्टिम समजून घ्यायची, डॉक्युमेंट करायची आणि पुण्याला आणायची. केटी देणाऱ्यांमध्ये पन्नाशीचे एक गृहस्थ होते, ॲक्रिंग्टनचे. माझं काम संपलं की त्यांची नोकरी संपणार हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. माणूस इतका सभ्य, की एकदाही चढ्या आवाजात बोलला नाही. एकदा जेवताना मात्र म्हणाले, की आमच्या गावाला याची सवय आहे. आम्ही सगळ्या जगाला सूत कातायची यंत्रं विकली आणि मग त्या यंत्रांवरचं कापड आमच्याच बाजारात आलं. एवढं बोलून ते पुन्हा सँडविचकडे वळले.

ते वाक्य डोक्यातून जाईना. पुढच्याच शनिवारी गाडी पकडून ॲक्रिंग्टन गाठलं आणि तेव्हापासून जे मिळेल ते वाचत सुटलो. हा लेख म्हणजे त्या वाचनाचं सार. मला शोधायचं होतं ते एवढंच: एका गावात दोन धंदे, यंत्राचा आणि मातीचा. त्यातला कुठला टिकला आणि का?

सुरुवात यंत्राच्या आधीपासून करावी लागते. अठराव्या शतकात हा सगळा डोंगराळ भाग हातमागांचा होता. पाऊस भरपूर, शेती जेमतेम, म्हणून घरोघरी माग. ॲक्रिंग्टनला लागून ऑस्वाल्डट्विसल नावाचं गाव आहे (हा उच्चार जमायला मला दोन आठवडे लागले). आपण शाळेत 'औद्योगिक क्रांती'च्या धड्यात ज्याचं नाव पाठ केलं तो स्पिनिंग जेनीवाला जेम्स हारग्रीव्हज तिथल्या स्टॅनहिल वस्तीतला. साल १७६४च्या सुमाराचं. एका चातीच्या जागी एकदम आठ चात्या फिरवणारं त्याचं यंत्र शेजाऱ्यापाजाऱ्यांनी फोडलं आणि बिचारा गाव सोडून नॉटिंगहॅमला गेला. ॲक्रिंग्टनमध्ये १७९२ साली ब्रॉड ओक नावाचा चीट छापण्याचा कारखाना उभा राहिला आणि ओढ्याच्या पाण्यावर कापड धुणं, रंगवणं, छापणं सुरू झालं.

मग आला यंत्रमाग. १८२६ साली मंदी होती, हातमागवाल्यांची मजुरी कोसळली होती आणि लोक अक्षरशः उपाशी होते. २४ एप्रिल १८२६ला, सोमवारी, ॲक्रिंग्टनच्या परिसरात जमाव गोळा झाला आणि गिरण्यांमध्ये शिरून यंत्रमाग फोडू लागला. तीन दिवसांत हे लोण आजूबाजूच्या गावांत पसरलं आणि हजाराच्या वर माग फुटले. दंगलीत असलेल्या एका पोरसवदा विणकराची आठवण नोंदलेली आहे. वाटेत घोडदळ आडवं आलं तेव्हा लोकांनी शिपायांना विचारलं, की आम्ही काय उपाशी मरायचं? तेव्हा काही शिपायांनी आपल्या झोळ्यांतली शिदोरी गर्दीत टाकली. तिसऱ्या दिवशी चॅटर्टन या ठिकाणी मात्र सैन्याने गोळ्या झाडल्या आणि माणसं मेली.

माग फोडून मागे काय फिरलं? काहीच नाही. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत हातमाग संपला आणि ज्यांनी माग फोडले त्यांची मुलं गिरणीत लागली. इथून पुढची गोष्ट जास्त गमतीची आहे, कारण या भागाने नुसते यंत्रमाग वापरले नाहीत, ते सुधारलेही.

जेम्स बुलो हा मुळात हातमागावरचा विणकर. १८४२च्या सुमारास ब्लॅकबर्नमध्ये त्याने विल्यम केनवर्दीबरोबर 'लँकेशायर लूम' घडवला. त्यातली एक युक्ती आपल्या लोकांना आवडेल. माग चालू असताना बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला तर पूर्वी कुणाच्या लक्षात येईपर्यंत माग तसाच धडधडत राहायचा आणि कापड वाया जायचं. यांनी धाग्याच्या वाटेवर एक छोटा काटा बसवला. धोट्याच्या प्रत्येक फेरीला काट्याला धागा लागला तर सगळं ठीक. नाही लागला तर माग आपोआप बंद. म्हणजे सेन्सर आणि एक्सेप्शन हँडलिंग, १८४२ साली, विजेशिवाय! परिणाम असा झाला की एका विणकराला चार-चार माग सांभाळता येऊ लागले. मागावरची नजर माणसाकडून काट्याकडे गेली.

१८५३ साली ॲक्रिंग्टनमध्ये जॉन हॉवर्ड नावाच्या माणसाने एका भागीदाराबरोबर चार कामगार घेऊन यंत्रांचं वर्कशॉप काढलं. १८५६ साली त्यात बुलो आला आणि कंपनी झाली 'हॉवर्ड ॲण्ड बुलो'. कारखान्याचं नाव ग्लोब वर्क्स. नाव जरा मोठं वाटेल, पण शेवटी ते खरं ठरलं. जेम्सचा मुलगा जॉन बुलो याने १८७८ साली अमेरिकेतली रॅबेथची रिंगची चाती पाहिली आणि तिचे हक्क आणले. त्यानंतर ग्लोब वर्क्सची रिंग फ्रेम जगभर जाऊ लागली. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटलाही कंपनीने कारखाना काढला. पहिल्या महायुद्धापर्यंत एकट्या ॲक्रिंग्टनच्या कारखान्यात पाच हजारांवर माणसं होती. त्या वेळी गावाची वस्ती पंचेचाळीस हजारांच्या घरात. म्हणजे दर दुसऱ्या-तिसऱ्या घरातलं कुणीतरी ग्लोबमध्ये.

पैसा किती आला याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. जॉन बुलोने १८८८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं रम नावाचं (नावावर जाऊ नका) अख्खं बेट विकत घेतलं. त्याच्या मुलाने, जॉर्जने, तिथे किल्ला बांधला, किनलॉक कॅसल. हातमागवाल्याचा नातू बेटाचा मालक. तीन पिढ्यांत.

आता ही यंत्रं घेत कोण होतं? इथे आपला संबंध येतो.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, कापूस यायचा थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या. तिकडे त्याला 'कॉटन फॅमिन' म्हणतात, कापसाचा दुष्काळ. ती कमतरता भरून काढायला हिंदुस्थानातून कापूस गेला, ज्याला ते 'सुरती' म्हणत. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला, सारखा तुटणारा. तिकडचे कामगार या सुरतीला शिव्या घालत होते, आणि इकडे मुंबईत त्याच सुरतीच्या पैशाने शेअर बाजार उधळला होता. प्रेमचंद रायचंद, बॅकबेची भरणी, १८६५चा कोसळलेला बाजार, ही सगळी याच गोष्टीची दुसरी बाजू. तिकडे उपासमार चालू असताना इकडे सोन्याचा पाऊस पडत होता.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावरांनी १८५४ साली ताडदेवला उभी करायला घेतली. पण गिरण्यांची खरी लाट आली ती या कापूसबाजारानंतर. यंत्रं सगळी विलायती. ती जोडून द्यायला फिटर विलायती, सुरुवातीचे वीव्हिंग मास्टर नि स्पिनिंग मास्टरही लँकेशायरचेच. म्हणजे यंत्राबरोबर ते चालवायची अक्कलही बोटीतून येत होती. तेव्हाची केटीच ती. नागपूरला जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ला एम्प्रेस मिल सुरू केली. तिथे रिंगच्या चात्या वापरून बघितल्या, पसंत पडल्या आणि मोठ्या प्रमाणावर बसवल्या. प्लॅट ब्रदर्स ही तेव्हाची सगळ्यात बडी यंत्र कंपनी. तिने रिंग बनवून द्यायला टाळाटाळ केली, तेव्हा टाटांनी दुसऱ्या कंपनीकडून यंत्रं बनवून घेतली.

यातली खरी मेख अशी. रिंग फ्रेम बनवण्यात लँकेशायरची यंत्रवाली मंडळी आघाडीवर, पण लँकेशायरच्या गिरण्या स्वतः मात्र जुन्या 'म्यूल'ला चिकटून बसल्या. १९१३च्या सुमाराला ब्रिटनमधल्या पाच चात्यांपैकी जेमतेम एक रिंगची होती. हिंदुस्थानात चारातल्या जवळपास तीन. जपानात तर जवळजवळ सगळ्याच. लँकेशायरवाले मूर्ख होते अशातला भाग नाही. म्यूलवर बारीक सूत उत्तम निघायचं, कुशल कारागीर हाताशी होते, यंत्रांचे पैसे केव्हाच फिटलेले होते. शिवाय कातणं दक्षिण लँकेशायरला आणि विणणं ॲक्रिंग्टन-बर्नलीकडे. रिंगचं सूत लाकडी बॉबिनवर असतं. ते जड बॉबिन गाडीत घालून वीस-तीस मैल न्यायचे आणि रिकामे परत आणायचे, हे महाग पडायचं. प्रत्येक गिरणीमालकाचा हिशोब त्याच्यापुरता बरोबर होता. सगळ्यांचे बरोबर हिशोब मिळून एक चुकीचं उत्तर आलं. (लेगसी सिस्टिमवर काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.)

१८८७ साली मुंबईत भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली, म्हणजे आपली व्हीजेटीआय. कारण उघड होतं, गिरण्यांना देशी तंत्रज्ञ हवे होते. विलायती मास्टरवरचं अवलंबून राहणं कमी करायचं होतं. आणि योगायोग बघा, त्याच १८८७ साली ॲक्रिंग्टनला, हन्कोट या उपनगराजवळ व्हिनी हिलच्या पायथ्याशी, विटांची कंपनी स्थापन झाली: ॲक्रिंग्टन ब्रिक ॲण्ड टाइल कंपनी. नोरीचा जन्म.

वीट इतक्या उशिरा का? कारण त्या भागातली जुनी घरं वालुकाश्माची, दगड जागेवरच मिळायचा. पण गिरण्या वाढल्या तशी धुराडी, बॉयलरघरं, रेल्वेचे पूल, गटारं वाढली आणि तिथे कठीण वीट हवी झाली. माल पायाखालीच होता. लँकेशायरखाली दगडी कोळशाचे थर आहेत, आणि कोळशाच्या दोन थरांमध्ये असतो चिखलदगड, शेल. आपल्याकडे नदीकाठची गाळाची माती कालवून, साच्यात थापून, वाळवून भट्टी लावतात. तिकडे हा कातळासारखा शेल खणायचा, दळून पीठ करायचं, थोडंसंच पाणी घालून यंत्राने प्रचंड दाब देऊन वीट घडवायची आणि हजार अंशांच्या वर भाजायची. तापमान इतकं की मातीचे कण वितळून एकमेकांत शिरतात, म्हणून पाणी आत जायला जागाच राहत नाही. मातीतलं लोह लाल रंग देतं. भट्टीला लागणारा कोळसा शेजारीच. म्हणजे ज्या भूगर्भाने गिरणीच्या इंजिनाला जळण दिलं, त्यानेच गिरणीच्या धुराड्याला वीट दिली.

असं हे गाव १९१४ साली होतं: ग्लोबमध्ये यंत्रं, शेडमध्ये माग, टेकडीखाली वीट. सगळं जोरात. आणि तरीही जुलै १९१४मध्ये ग्लोब वर्क्समध्ये मजुरीवरून तंटा होऊन कामगार बाहेर होते. हजारो घरांत पगार बंद. ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झालं. महापौर जॉन हारवुड यांनी गावाची स्वतःची एक बटालियन देऊ केली. सप्टेंबरमध्ये दहा दिवसांत भरती पुरी झाली. आसपासच्या गावांतूनही पोरं आली. अधिकृत नाव ईस्ट लँकेशायर रेजिमेंटची ११वी बटालियन, पण लोकांच्या तोंडी 'ॲक्रिंग्टन पॅल्स', म्हणजे दोस्तमंडळी. एका गल्लीतली, एका खात्यातली, एका टीमची पोरं एकत्र लढतील हीच त्यामागची कल्पना. देशप्रेम होतं, उत्साह होता, आणि घरात चूल पेटायला हवी हेही होतं.

१ जुलै १९१६, सोमच्या लढाईचा पहिला दिवस. फ्रान्समधल्या सेर गावासमोर पॅल्स खंदकातून वर आले. सुमारे सातशे जण हल्ल्यात होते. त्यातले ५८४ मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, तेही बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात. बातमी गावात लगेच कळू दिली नाही. मग जखमींची पत्रं येऊ लागली, एकेका गल्लीतल्या पाच-सहा घरांचे पडदे ओढले गेले, आणि खरं काय ते सांगा म्हणत लोक महापौरांच्या घरी जाऊन धडकले. एका गल्लीतली पोरं एकत्र लढली, त्यामुळे ती एकत्रच गेली. आज सेरला त्या जागी पॅल्सचं स्मारक आहे. ते १९९१ साली बांधलं, मोडक्या घराच्या भिंतीसारखं. भिंत नोरी विटेची आहे, ॲक्रिंग्टनहून नेलेल्या.

युद्धानंतर उतरण लागली. १९१३ साली लँकेशायरने सुमारे ७०० कोटी वार कापड निर्यात केलं होतं, त्यातलं ३०० कोटी वारांच्या आसपास एकट्या हिंदुस्थानात. युद्धाच्या काळात ती जागा मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी आणि जपानने घेतली. पुढे आयातकर वाढले, स्वदेशी आणि बहिष्कार आले, त्यावर जागतिक मंदी. सप्टेंबर १९३१मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरला गेले, ॲक्रिंग्टनपासून काही मैलांवरच्या डार्वेनला. बहिष्काराने ज्यांची नोकरी गेली त्यांना भेटायला. गिरणीतल्या बायकांच्या घोळक्यात पंचा नेसलेले गांधीजी, हा फोटो तुम्ही पाहिला असेलच. बेकारीबद्दल त्यांनी सहानुभूती दाखवली, पण त्याहून कितीतरी भयंकर दारिद्र्य हिंदुस्थानात आहे हेही ऐकवलं. त्याच १९३१ साली हॉवर्ड ॲण्ड बुलो इतर यंत्र कंपन्यांबरोबर एकत्र झाली. आपापसात स्पर्धा करणं आता परवडत नव्हतं.

पुढचं भराभर सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर थोडी धुगधुगी आली. १९५० आणि ६०च्या दशकांत रात्रपाळी करायला स्थानिक माणसं मिळेनात, म्हणून पाकिस्तान आणि भारतातून माणसं आली. आज ॲक्रिंग्टनच्या रस्त्यावर उर्दू नि पंजाबी ऐकू येते ती यामुळे. कापूस गेला त्याच वाटेने शंभर वर्षांनी माणसं गेली.

आणि मग १९५९चा कॉटन इंडस्ट्री ॲक्ट. गिरण्या जास्त झाल्या आहेत, तेव्हा जुनी यंत्रं मोडीत काढा, सरकार पैसे देईल. ती योजना संपेपर्यंत जवळपास निम्म्या चात्या आणि एकतृतीयांशाहून जास्त माग भंगारात गेले. ते भंगारात गेले याची खात्री पटावी म्हणून घण घालून फोडत. १८२६ साली भुकेलेल्या विणकरांनी माग फोडले तेव्हा त्यांना तुरुंग आणि काळं पाणी मिळालं. १९५९ साली माग फोडणाऱ्याला चेक मिळाला. घण तोच, माग तोच. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसताच बसलो होतो.

ग्लोब वर्क्स नंतरही काही वर्षं तग धरून होतं, मालक आणि नावं बदलत. शेवटचं नाव प्लॅट साको लोवेल. १९९०च्या दशकात तेही बंद झालं. तोवर मुंबईत १९८२चा संप होऊन गेला होता आणि गिरणगावही विझत चाललं होतं. ज्यांनी यंत्र बनवलं ते संपले आणि ज्यांनी विकत घेतलं तेही संपले. यंत्र पुढच्या गावाला गेलं.

विटेचं काय झालं? इथे मला वाटलं होतं की उत्तर सोपं असेल. माती जागची हलत नाही, म्हणून विटेचा धंदा टिकला. प्रत्यक्षात २००८ साली मंदीत बांधकामं थांबली तेव्हा हन्कोटचा विटांचा कारखानाही बंद पडला. भट्टी थंड. लोकांनी नोरीचे मृत्युलेख लिहिले. पण २०१५ साली बांधकाम सावरलं, मागणी आली आणि भट्टी पुन्हा पेटली. शेल होता तिथेच होता. भट्टीची माहिती असलेली माणसंही सात वर्षांत अजून गावातच होती.

मला यातला 'सात वर्षं' हा भाग महत्त्वाचा वाटतो. माती हजारो वर्षं वाट बघू शकते. कौशल्य नाही बघू शकत. ग्लोब वर्क्सचे नकाशे, ऑर्डर बुकं, कागदपत्रं आजही प्रेस्टनला लँकेशायरच्या सरकारी अभिलेखागारात नीट ठेवलेली आहेत. उद्या कुणी ती सगळी उघडून बसला तरी रिंग फ्रेम तयार होणार नाही. कारण चातीचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय हे सांगणारा फिटर त्या कागदात नाही. ज्या अर्थाने नोरी पुन्हा सुरू झाली त्या अर्थाने ग्लोब पुन्हा सुरू होऊ शकत नाही. फरक धंद्याच्या चांगल्या-वाईटाचा नाही, मधल्या खंडाच्या लांबीचा आहे.

आणि म्हणून मला त्या पन्नाशीच्या गृहस्थांची आठवण येते. त्यांच्याकडून घेतलेलं सगळं मी लिहून काढलं, प्रत्येक जॉब, प्रत्येक टेबल. पण एखादा बॅच जॉब रात्री अडकला की ते लॉग बघायच्या आधीच सांगायचे कुठे अडकला असेल ते. ते कुठल्या पानावर लिहायचं मला कळलं नाही. आता आमच्याच टीममध्ये यातलं कुठलं काम ऑटोमेट करता येईल, कुठलं आणखी स्वस्त ठिकाणी हलवता येईल यावर मीटिंगा चालू आहेत, आणि यादी करायचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे मागावर तो काटा मीच बसवतोय.

हे करू नये असं मी म्हणणार नाही. १८२६च्या लोकांनी घण उचलून बघितला, त्याने काही थांबलं नाही. काटा आला म्हणून कापड स्वस्त झालं, आणि स्वस्त कापड गरिबाच्याही अंगावर आलं. मुंबईला यंत्र मिळालं म्हणून कोकणातल्या आणि घाटावरच्या लाखो घरांना मनीऑर्डर मिळाल्या. लँकेशायरचं नुकसान हा आपला फायदा होता, आणि आपलं नुकसान दुसऱ्या कुणाचा तरी फायदा असेल. हिशोब असा सरळ मांडता येतो. पण तो मांडताना ॲक्रिंग्टनच्या त्या एकेका गल्लीचा हिशोब त्यात कुठेच येत नाही, हेही लक्षात ठेवावं.

त्या यादीत मी एक रकाना वाढवला आहे: हे काम आज कुणाला येतं आणि तो माणूस गेला तर किती वर्षांत कुणालाच येणार नाही. मॅनेजरने विचारलं, हे कशाला? मी सांगितलं, रिस्क म्हणून. त्याला पटलं असावं, कारण रकाना अजून आहे. पंधरा ओळी भरल्या आहेत, त्यातल्या चार ओळींसमोर माझंच नाव आहे.